लॅमिनेट केलेली चिठ्ठी

ग्रुपवर पहिला मेसेज माझाच होता. "ट्रामाडॉल-पॅरासिटामॉल, एक स्ट्रिप हवीय. ओळखीची पेशंट काउंटरवर उभी आहे. कुणाकडे स्टॉक?"

हा आमच्या भागातल्या केमिस्ट लोकांचा व्हॉट्सअॅप ग्रुप. एखादं औषध संपलं की आम्ही आधी एकमेकांना विचारतो. पेशंटला रिकाम्या हाताने परत पाठवायचं नाही, अशी इथली रीत आहे. त्या आठवड्यात स्टॉकिस्टकडेच, म्हणजे आम्हाला माल पुरवणाऱ्या होलसेलवाल्याकडेच, ही गोळी नव्हती. त्यामुळे सगळेच शोधत होते.

दोन मिनिटांत पुढच्या चौकातल्या साळुंखेंचा मेसेज आला. "मलाही तीच हवीय. ओळखीच्या बाईंसाठी." मग स्टेशनजवळच्या दुकानातून आला, "सेम. आमच्या मासेवाल्या मावशींनी सांगून ठेवलंय." शेवटी दिवा गावातल्या केमिस्टने लिहिलं, "मासेवाल्या म्हणजे जयवंती मावशी का?"

मी मोबाइलवरून डोकं वर काढलं. जयवंती मावशी माझ्यासमोर उभी होती. नाक गळत होतं, हातावर काटा आला होता आणि एकापाठोपाठ एक जांभया चालल्या होत्या. मघाशी मी तिला म्हटलं होतं, "मावशी, व्हायरल आहे. सगळीकडे साथ आहे." सत्तावीस वर्षं काउंटरमागे काढलेली फार्मासिस्ट मी. अफूच्या जातीची गोळी अचानक बंद झाली की माणसाचं हेच होतं, हे मी कॉलेजात पाठ केलं होतं आणि समोर दिसल्यावर त्याला व्हायरल म्हणाले होते.

जयवंती मावशी डोंबिवली पश्चिमेच्या खाडीकडच्या गावातली. साठीच्या अलीकडची, खणखणीत आवाजाची. आमच्या दुकानापासून शंभर पावलांवरच्या बाजारात तिची जागा. दीड वर्षापूर्वी बर्फाच्या पाण्यावरून पाय घसरून टोपल्यासकट पडली आणि कमरेच्या मणक्याला मार बसला. हाडांच्या डॉक्टरने गोळी लिहून दिली. चिठ्ठीवर स्पष्ट लिहिलं होतं, दिवसातून दोनदा, दहा दिवस.

आता आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगते. काही औषधं एच-वन नावाच्या यादीत असतात. ती डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत. दिली की वेगळ्या रजिस्टरमध्ये पेशंटचं नाव, डॉक्टरचं नाव, किती गोळ्या, सगळं लिहायचं. आणि चिठ्ठीवर दुकानाचा शिक्का मारायचा. शिक्का दिसला की दुसऱ्या केमिस्टला कळतं, या चिठ्ठीवर औषध देऊन झालंय.

मावशीची चिठ्ठी पहिल्यांदा आली तेव्हा ओली होऊन आली. दुसऱ्यांदा आली तेव्हा तिला माशाचे खवले चिकटलेले आणि घडीवर फाटायला आलेली. मीच तिला म्हटलं, "मावशी, ही आणखी एकदा पाण्यात पडली ना, तर वाचताच येणार नाही." ती माझ्याहून हुशार. झेरॉक्सवाल्याकडे गेली आणि चिठ्ठी लॅमिनेट करून आणली. लोक मुलांचे दाखले करतात तशी. मला काउंटरवर फडकावून दाखवली. "आता बुरव खाडीत, काय नाय व्हायचं."

आम्ही सगळे हसलो. मी शिक्का मारला. तो प्लॅस्टिकवर बसला नाही, बोटाने पुसला गेला. मी पुन्हा हसले आणि गोळ्या दिल्या. त्यानंतर दर वेळी दिल्या. रजिस्टर मात्र व्यवस्थित लिहीत होते. अक्षरही सुरेख.

चार दुकानांत चार सुरेख रजिस्टरं होती, एवढंच. प्रत्येकाला वाटत होतं, मावशी आपल्याकडूनच घेते.

"मावशी," मी हळूच विचारलं, "दिवसाला किती घेतेस?"

"दोन."

"साळुंखेंकडच्या धरून?"

ती काउंटरची कड धरून म्हणाली, "धा. कवा बारा. दोन दिस झालं एक नाय मिलाली. आंग फुटतंय गो बाय. बसवत नाय, उठवत नाय. दे ना मना."

बारा गोळ्या. तेवढ्यांनी फिट येऊ शकते, श्वास मंदावू शकतो. त्यातल्या पॅरासिटामॉलने लिव्हर जातं ते वेगळंच. माझी नजर तिच्या डाव्या तळव्यावर गेली. तिथे टाक्यांची जुनी खूण होती. महिन्यापूर्वी विळी लागली म्हणून आली होती तेव्हा त्यावरचं ड्रेसिंगचं सामान मीच दिलं होतं.

मी तिच्या सुनेला फोन लावला. रेश्मा तिचं नाव, ती मासे घेऊन ठाण्याला माजिवड्याच्या सोसायट्यांमधून फिरते. मी विळीचं विचारलं तर म्हणाली, "मॅडम, लागली नव्हती काही. मासा कापता कापता आखडल्या. डोळे पांढरे केले. विळीवर पडल्या असत्या, बाजूच्या बाईने मागनं ओढलं म्हणून हातावर निभावलं. आम्हाला वाटलं उन्हानं झालं."

ती फिट होती. ती बाई बाजूला नसती तर विळी हातावर नाही, गळ्यावर आली असती. आणि त्या दिवशीच्या गोळ्या बहुतेक माझ्या होत्या.

आमचे शेठ गल्ल्यावर बसून सगळं ऐकत होते. दुकान त्यांचं, लायसन्सवर फार्मासिस्ट म्हणून नाव माझं. माणूस सज्जन, पण धंद्याचा.

"मॅडम, तुम्ही नाही दिलं तर समोरचा देणार," ते म्हणाले.

"समोरच्यालाच तर विचारलंय मी ग्रुपवर."

"दुखतंय तिला. दुखणाऱ्याला नाही कसं म्हणायचं?"

"शेठ, दुखणं कमरेत होतं. आता ते गोळीत गेलंय. गोळी नाही मिळाली की दुखतं."

मी ग्रुपवर लिहिलं, "चौघांची पेशंट एकच आहे. कुणीही देऊ नका. आणि कृपा करून तिच्यावर ओरडू नका. मी तिला हॉस्पिटलला नेतेय." माझी भीती अशी होती की कुणीतरी उलट मलाच शिकवेल. पाच मिनिटांनी साळुंखेंचं उत्तर आलं. "मॅडम, माझं रजिस्टर बघितलं. लाज वाटली. काय करायचं ते सांगा, करतो." साळुंखेंची आणि आमची गिऱ्हाइकांवरून कायम चुरस. त्या एका ओळीसाठी मी त्यांना सगळं माफ केलं.

त्याच दिवशी रेश्मा आणि मी मावशीला घेऊन ठाण्याच्या सरकारी हॉस्पिटलात गेलो. व्यसनमुक्ती ओपीडीच्या दारावरची पाटी रेश्माने वाचली आणि मावशी बिथरली. "मी काय दारुरी हाय? डाक्टरनं लिवलेली गोली खाल्ली मी. चोरून नाय खाल्ली."

आतल्या डॉक्टर तरुण होत्या. त्या उठून बाहेर आल्या. मावशीच्या शेजारी बाकावर बसल्या. "तुम्ही दारूड्या नाही, मावशी. या गोळीची शरीराला सवय लागते. चांगल्या माणसाला लागते, वाईटाला लागते. ती गोळी चिठ्ठी वाचत नाही." मग मला बाजूला घेऊन त्यांनी नीट समजावलं. ही गोळी एकदम बंद करायची नाही. मोजून, सावकाश उतरवायची. त्याला आमच्याकडे टेपरिंग म्हणतात, जिना एकेक पायरी उतरतात तसं. आधी रक्त तपासायचं. मग डॉक्टर एक, दुकान एक. आणि पूर्ण स्ट्रिप पेशंटच्या हातात द्यायची नाही, रोजच्या गोळ्या रोज द्यायच्या.

"घरात कोण देईल?" त्यांनी विचारलं.

रेश्मा पहाटे बाहेर पडते. मुलगा डोल लावायला, म्हणजे खाडीच्या ओढीत मोठी पिशवीसारखी जाळी बांधायला, भरती-ओहोटीच्या वेळा बघून जातो. त्याच्या घरी असण्याचा काही नेम नाही.

"मी देईन," मी म्हणाले. तोंडातून निघून गेलं. मग आठवलं, दुकान नऊला उघडतं आणि मावशी सात वाजता बाजारात बसते. मी राहते आंबिवलीला, कल्याणच्याही पलीकडे.

दुसऱ्या दिवशी शेठना घाबरत घाबरत सांगितलं. सात वाजता दुकान उघडायचं, एका पेशंटसाठी, जिला आपण कमी कमी औषध विकणार. त्यांनी गल्ल्यातून किल्ल्यांचा जुडगा काढला. मग म्हणाले, "किल्ली माझ्याकडे असते. शटर मीच उघडीन." आणि पुढे चार महिने त्यांनी रोज उघडलं. शेठ जैन. कांदासुद्धा न खाणारा माणूस. मावशी टोपली पायरीखाली ठेवून आत यायची, तरी तिच्यामागून बोंबील आत यायचेच. शेठ नाकाला रुमाल लावून आतल्या कपाटापाशी जायचे आणि तिथून विचारायचे, "मावशी, कसं काय आज?" मावशी म्हणायची, "आधी नाकावरचा फरका कार, मंग सांगतंय." त्या दोघांचं हे रोजचं चालायचं. मी दाराजवळ तिच्यासाठी एक स्टूल ठेवलं होतं. त्यावर बसून ती माझ्यासमोर सकाळची गोळी घ्यायची, बाकीच्या दिवसाच्या कागदात बांधून न्यायची.

पहिल्या काही दिवसांच्या गोळ्या हॉस्पिटलातून मिळाल्या, तोवर स्टॉकिस्टकडे माल आला. डॉक्टरांनी पहिल्या पंधरवड्यात बारावरून आठवर आणलं. रक्ताचा रिपोर्ट बरा आला, लिव्हर वाचलं होतं. त्यानंतर दर सोमवारी एक गोळी कमी, असा कागद दिला. सोमवारी मासे कमी विकले जातात, तेव्हा काम हलकं, असा माझाच सल्ला. मला वाटलं, मी फार विचार केलाय.

पहिला सोमवार पार पडला. दुसरा गेला. तिसऱ्या सोमवारनंतर दोन दिवसांनी साळुंखेंचा फोन आला. "मॅडम, मावशी आल्यात. मी गोळ्या दिलेल्या नाहीत. पण त्या रडतायत, मला काही सुचत नाही. तुम्ही या."

मी धावतच गेले. साळुंखेंनी तिला आत खुर्चीवर बसवलं होतं, चहा मागवला होता, तो निवत होता. तिच्या हातात ती लॅमिनेट केलेली चिठ्ठी होती. ती अजून तिच्याकडेच आहे, हे मी विसरलेच होते. मला बघून तिने चिठ्ठी पदराखाली घेतली.

मला राग आला. खोटं कशाला सांगू? महिनाभर पहाटे उठून आंबिवलीहून येत होते मी. "मावशी, आपलं काय ठरलं होतं?"

"तुजं ठरलं व्हतं," ती म्हणाली. "नि त्या डाक्टरनीचं. मना कुणी इचारलं?"

मी बसले. साळुंखेही बसले.

"बोल," मी म्हटलं.

ती म्हणाली ते मी जन्मात विसरणार नाही. "सोमवार तुमचा, बाय. आमचा नाय. परवा पुनव झाली. आता उधान हाय. पान्याला ओढ हाय, डोल भरतान. पोरगा टोपल्या भरून आनतंय. मी वाकतंय, उचलतंय, दिस मावलेपर्यंत कापतंय. कंबर मोरते माजी. नि नेमकी तवाच तू गोली कमी केलीस. भांगावर कमी कर ना. भांगाला काय पन काम नसतंय."

उधाण म्हणजे पुनवेच्या आणि अवसेच्या आसपासची मोठी भरती. भांग म्हणजे अष्टमीच्या सुमाराची बारीक भरती, तेव्हा पाण्याला ओढ नसते, डोलीत फारसं काही येत नाही. माझं निम्मं आयुष्य या खाडीच्या काठावर दुकानात गेलं. मासे खात आले, विचार कधी केला नाही. मी तिचं दुखणं वारावर मोजत होते आणि तिची कंबर चंद्रावर चालत होती.

मी तिथूनच डॉक्टरांना फोन लावला. सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "म्हणजे दर पंधरा दिवसांनी एक पायरी, आणि तीही कामाच्या हलक्या दिवसांत? वेळ जास्त लागेल, पण हे माझ्या कागदापेक्षा चांगलं आहे. असंच करू. कमी केलेली एक गोळी सध्या परत द्या, येत्या भांगापर्यंत. नवा कागद मी आज पाठवते." दुसऱ्या कुणी डॉक्टरने म्हटलं असतं, पेशंटने आम्हाला शिकवायचं का? या बाईंनी मावशीला फोनवर घेऊन पुढच्या सगळ्या अष्टम्या विचारून घेतल्या. मावशी बोटांवर मोजून सांगत होती, कॅलेंडरशिवाय. तिला एवढी ऐटीत बोलताना मी दीड वर्षात पाहिलं नव्हतं. साळुंखेंनी दुसरा चहा मागवला.

त्यानंतर आमच्या दुकानातल्या कॅलेंडरवर अष्टमीला लाल गोल पडायला लागले. प्रत्येक भांगाला एक गोळी कमी. शेवटच्या दोन पायऱ्या आठवडाभरात उतरायच्या, असं तिनेच ठरवलं. "आता मना घाई हाय," म्हणाली. डॉक्टरांनी तपासलं आणि हो म्हटलं. सगळं सुरळीत झालं असं नाही. एका अवसेला ती स्टुलावर बसून अर्धा तास नुसती शिव्या देत होती. मला, शेठना, ज्या बर्फावर पडली त्या बर्फाला. आम्ही ऐकलं. तिने टोपली उचलली आणि गेली. दुसऱ्या दिवशी सातला पुन्हा हजर. दिव्याच्या केमिस्टने तर दुकानात नव्या आलेल्या माणसाला तिचं वर्णन करून ठेवलं होतं, चुकून दिली जाऊ नये म्हणून. हॉस्पिटलच्या फिजिओथेरपिस्टने तिला व्यायाम शिकवले. मुलाने बाजारातल्या तिच्या जागी फळ्या ठोकून कमरेइतका ओटा करून दिला. आता ती उभ्याने, न वाकता कापते. हे कुणाला आधी सुचलं असतं तर गोळी दहा दिवसांत सुटली असती, असं मला वाटतं.

शेवटची गोळी तिने माझ्यासमोर घेतली आणि पाणी प्यायली. उठून गेली. मला वाटलं, आता काही सकाळी यायची नाही.

दुसऱ्या दिवशी सातला शेठ आणि मी दोघेही दुकानात होतो. कशासाठी, ते एकमेकांना विचारलं नाही. सात वाजून पाच मिनिटांनी टोपली पायरीखाली आदळली. मावशी आत आली, स्टुलावर बसली, आणि पदराखालून ती लॅमिनेट केलेली चिठ्ठी काढून काउंटरवर ठेवली.

"मार शिक्का," म्हणाली.

मी मारला. तिने अंगठा फिरवला. जांभळा शिक्का सगळा तिच्या अंगठ्यावर आला, चिठ्ठी पुन्हा कोरी.

"बगितलास?" ती म्हणाली. मग माझ्या काउंटरवरची स्ट्रिप कापायची कात्री उचलली. पापलेट साफ करावं तशी तिने चिठ्ठी कापली. आधी डोकं, मग शेपूट, मग मधल्या तुकड्या. शेठ नाकावरचा रुमाल काढून बघत होते. तुकडे तिने गोळा करून माझ्या हातात दिले.

मला बोलल्याशिवाय राहवेना. "मावशी, चूक माझी होती. दहा दिवस लिहिलेलं मी वाचलं होतं. तरी दीड वर्ष देत राहिले."

"तू एकली थोरीच? चौघांनी दिलान," ती म्हणाली. "नि खाल्ल्या कुनी? मी. पन सकालचं शटर कुनी उघरलं ते मी इसरनार नाय." मग शेठकडे वळून म्हणाली, "तुलाबी काय तरी दिलं असतं रं. पन तू खातंस काय? भेंडी."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. शेठनी खोकल्याचं नाटक करून रुमाल पुन्हा तोंडाला लावला.

आता दोन वर्षं झाली. मावशी त्याच ओट्यावर आहे. कंबर अजून दुखते, उधाणाला जास्त. ती पट्टा बांधते, व्यायाम करते, शिव्या देते. माझ्याकडून मलम नेते. दर भांगाला, कामाचं काही नसलं की स्टुलावर येऊन बसते. ग्रुपवर आम्ही आता एक जादा ओळ लिहितो. औषध मागताना पेशंटचं पहिलं नाव टाकतो. त्यातून आणखी दोन माणसं वेळेवर सापडली. तरुण होती दोघंही. साळुंखेंनी शोधली.

मी कितीदा तरी मनात सगळ्यांचे आभार मानते. बाकावर शेजारी बसणाऱ्या डॉक्टरांचे, साळुंखेंच्या निवलेल्या चहाचे, शेठच्या किल्लीचे, आणि विळीपासून मावशीला मागे ओढणाऱ्या त्या बाईचे, जिचं नाव मला आजही माहीत नाही. सगळ्यात जास्त मावशीचे. तिने माझी चूक माझ्या गळ्यात घातली नाही आणि ती सुधारायला मला रोज सात वाजता संधी दिली.

आमच्या काउंटरवर आता पाटी आहे, "लॅमिनेट केलेली चिठ्ठी चालणार नाही." लोक कारण विचारतात. मी सांगते, शिक्का प्लॅस्टिकवर बसत नाही. हे मला पहिल्याच दिवशी दिसलं होतं, आणि मी हसले होते.